तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : एड्स आला कुठून आणि तेव्हा काय काय झालं

मागच्या अंकात एचआयव्हीच्या तपासणीबद्दल एका प्रश्नाला छोटंसं उत्तर दिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयावर लिहायचं ठरवलं. बहुतेकांना लक्षणं वगैरे विचारायचीच नाहीयेत, त्यांना हवंय ते हे की हे सगळं सुरू कुठून झालं, आपल्याकडे कसं आलं, तेव्हा लोक कसे वागले. मी बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलात काउन्सेलर म्हणून काम केलंय त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाहीये, हे आधीच सांगून टाकते. पत्र पाठवणाऱ्या कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात एसवाय बीएस्सीला आहे. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय की एड्सचा व्हायरस अमेरिकेने लॅबमध्ये बनवला. दुसरा मित्र म्हणतो माकडापासून आला आणि तेही काहीतरी घाणेरड्या पद्धतीने. खरं काय?

उत्तर : तो व्हिडिओ डिलीट कर आणि ग्रुपवर पण सांग. व्हायरस कुठल्याही लॅबमध्ये बनलेला नाही, आणि ही अफवा कुठून निघाली ते आता माहितीये, तिचा धागा आपल्या दिल्लीत येऊन पोचतो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' नावाच्या इंग्रजी पेपरात एक निनावी पत्र छापून आलं, लिहिणारा म्हणे अमेरिकेतला मोठा शास्त्रज्ञ, आणि मजकूर असा की एड्स अमेरिकन लष्कराच्या प्रयोगातून निघाला. ते पत्र सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने, म्हणजे केजीबीने पेरलेलं होतं. दोन वर्षांनी मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने त्याच पत्राचा हवाला देऊन लेख छापला आणि मग ती गोष्ट देशोदेशी गेली. १९९२ मध्ये रशियाच्या हेरखात्याचे तेव्हाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी हे आपल्याच लोकांचं काम होतं हे मान्यसुद्धा केलं, पण अफवा तोपर्यंत जगभर गेली होती, आता तुझ्या फोनपर्यंत आलीये.

दुसऱ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. जगभर पसरलेला जो एचआयव्ही-१ आहे तो आला चिंपांझीकडून. चिंपांझींमध्ये याच घराण्यातला एक व्हायरस असतो, आणि आपल्यातल्या व्हायरसशी सगळ्यात जवळचा जुळणारा तो कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या जंगलातल्या चिंपांझींमध्ये सापडला. त्यात घाणेरडं काही नाही. तिथले लोक जंगलातल्या प्राण्यांची शिकार करतात, मांस कापताना हाताला जखम असली की प्राण्याचं रक्त माणसाच्या रक्तात जातं, बस एवढंच. पश्चिम आफ्रिकेत एचआयव्ही-२ नावाचा दुसरा सौम्य प्रकार आहे, तो मात्र खरंच एका जातीच्या माकडांकडून आला.

आता विचार कर, शिकार तर माणूस हजारो वर्षं करतोय, मग साथ विसाव्या शतकातच का आली? मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्हायरस जंगलातून नदीच्या वाटेने लिओपोल्डव्हिलला पोचला, म्हणजे आजचं किन्शासा, तेव्हा बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोची राजधानी. व्हायरसच्या जनुकांची तुलना करून शास्त्रज्ञांनी काढलंय की साथीची सुरुवात १९२०च्या आसपास तिथे झाली. त्या शहरात काय होतं तर खाणींकडे जाणारी रेल्वे होती, गावाकडून कामाला आणलेले एकटे पुरुष होते, बायका फार कमी, त्यातून उभा राहिलेला देहविक्रय होता, आणि वसाहतीच्या सरकारने काढलेल्या इंजेक्शनच्या मोहिमा होत्या ज्यात एकच सुई नीट न उकळता कितीतरी लोकांना टोचली जायची. म्हणजे व्हायरस प्राण्याचा, पण साथ माणसांनी चालवलेल्या कारभारातून उभी राहिली. किन्शासात १९५९ साली कुठल्या तरी अभ्यासासाठी घेतलेलं रक्त साठवून ठेवलं होतं, ते पुढे तपासलं तर त्यात एचआयव्ही निघाला. सापडलेला सगळ्यात जुना पुरावा तोच.

तिथून हैती, हैतीहून १९७०च्या आसपास न्यूयॉर्क. आणि ५ जून १९८१ला अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक बुलेटिनमध्ये एक छोटासा रिपोर्ट आला, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना एक विचित्र न्यूमोनिया झालाय जो सहसा प्रतिकारशक्ती संपलेल्यांनाच होतो. इतिहासाच्या पुस्तकात साथ इथून सुरू होते पण तोपर्यंत व्हायरस माणसांमध्ये साठ वर्षं फिरत होता, मरणारे आफ्रिकेतले गरीब लोक होते म्हणून कुणी मोजले नव्हते. पुढे अमेरिकेत बोटं दाखवणं सुरू झालं, समलिंगी, हेरॉइन टोचून घेणारे, हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराचे पेशंट आणि हैतीचे लोक, असे चार गटच करून टाकले. कॅनडाच्या एका फ्लाइट अटेंडंटवर तर अख्ख्या अमेरिकेत रोग आणल्याचा ठपका ठेवला गेला आणि तो गेल्यानंतरही कितीतरी वर्षं तसंच छापून येत राहिलं. २०१६ मध्ये जुन्या रक्ताच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं की तो पहिला वगैरे नव्हताच, हजारोंपैकी एक होता.

प्रश्न : भारतातला एड्स एका मराठी डॉक्टरबाईंनी शोधला असं वाचलं. खरं आहे का? एवढी मोठी गोष्ट आम्हाला शाळेत कशी कुणी सांगितली नाही? (कोल्हापूर)

उत्तर : खरं आहे, फक्त त्यात दोन बायका आहेत आणि दुसरीचं नाव विसरायचं नाही. डॉ. सुनिती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेलं मराठी कुटुंब, चामड्याचा व्यापार, आठ भावंडांत ही एकटी मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या प्रोफेसर. १९८५च्या शेवटी त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मलाला, प्रबंधासाठी विषय सुचवला की चेन्नईत एड्स आहे का ते बघ. तेव्हा मुंबईत शेकडो लोकांची तपासणी होऊन एकही पॉझिटिव्ह सापडला नव्हता आणि सगळ्यांचं ठाम मत की हा पाश्चात्यांचा आजार, आपल्याकडे कुठला.

निर्मला छोट्या गावातून आलेली, पारंपरिक घरातली, घरी लहान मुलं. चेन्नईत मुंबईसारखी देहविक्रयाची ठराविक वस्ती नव्हती, त्यामुळे आधी हॉस्पिटलात गुप्तरोगाच्या उपचाराला येणाऱ्या देहविक्रय करणाऱ्या बायकांशी ओळख काढायची, त्यांच्याकडून पत्ते घ्यायचे. मग कळलं की पोलिसांनी पकडलेल्या बायकांना एका रिमांड होममध्ये ठेवतात, तर नोकरी सांभाळून ती तिथे जायची. नवरा स्कूटरवरून सोडायचा, म्हणजे बसचे पैसे वाचतील. हातमोजे नाहीत, बाकी संरक्षण काही नाही. नमुने ठेवायला जागा नाही म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. बायकांना नक्की कशाची टेस्ट हे तेव्हा सांगितलं नव्हतं, आजच्या नियमांप्रमाणे ते चालणारच नाही, आणि ज्यांच्या रक्तावर देशाचा एवढा मोठा शोध उभा राहिला त्यांची नावं कुठेच नाहीत हे मला कायम खुपतं.

चेन्नईत तपासणीची सोय नव्हती म्हणून १९८६च्या फेब्रुवारीत ते ८० नमुने आइसबॉक्समध्ये घालून रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले, तिथे डॉ. जेकब जॉन यांच्या लॅबमध्ये टेस्ट लावली आणि सहा पिवळे झाले. पिवळा म्हणजे पॉझिटिव्ह. पुन्हा केली, तेच. नंतर अमेरिकेतल्या लॅबमध्ये खात्री झाली आणि मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं. लोक चिडले, काहींनी टेस्टच चुकली म्हटलं, काहींनी डॉ. सोलोमनच परप्रांतातल्या, त्यांना आपल्याला घाण म्हणायचंय असंही म्हटलं. त्या डगमगल्या नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे सेंटर काढलं, इतर डॉक्टर हात लावायला तयार नव्हते तेव्हा तिथे एचआयव्हीचे पेशंट बघितले जायचे, एवढंच नाही तर पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्नंसुद्धा त्यांनी जुळवली. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळालं.

शाळेत का नाही सांगितलं याचं उत्तर तुम्हाला माहितीच आहे. शाळेत एड्सचा धडा आला की बाई पान उलटायच्या.

प्रश्न : आमचं गाव गोव्याच्या हद्दीला लागून आहे. वडील सांगतात की गोव्यात एका मुलाला एड्स झाला म्हणून पोलिसांनी धरून कोंडून ठेवलं होतं. असं कसं होऊ शकतं? (सावंतवाडी)

उत्तर : तुमचे वडील बरोबर सांगतायत. त्याचं नाव डॉमिनिक डिसोझा. वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत नोकरी आणि नियमित रक्तदान करणारा मुलगा. रक्तदानाच्या तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला, पण ते त्याला कुणी नीट समजावून सांगितलं नाही, १४ फेब्रुवारी १९८९ला पोलिसांनी बोलावून घेतलं, तिथून हॉस्पिटल आणि तिथून एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये कोंडला. ६४ दिवस. त्याने गुन्हा काय केला होता तर रक्त दिलं होतं. सगळं कायद्याने झालं, कारण गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तरतूद करून ठेवली होती की पॉझिटिव्ह माणसाला सरकार वेगळं ठेवू शकतं.

त्याची आई लूसी डिसोझा मुंबई हायकोर्टात गेली, वकील आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला पण निकालात कोर्टाने कायदा मात्र वैधच ठरवला, म्हणजे समाजाच्या आरोग्यासाठी एकाचं स्वातंत्र्य गेलं तर चालेल असा त्याचा अर्थ. एचआयव्ही शेजारी बसून, हात धरून, एका ताटात जेवून पसरत नाही हे १९८९ पर्यंत जगातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत होतं, हे लक्षात घ्या. अज्ञान हे कारण असूच शकत नाही, ती नुसती भीती होती आणि तिच्या हातात कायदा होता. सुटल्यावर नोकरी राहिली नाही. त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, पॉझिटिव्ह लोकांसाठी काम करणारी, आणि १९९२ मध्ये तो वारला.

त्याच हायकोर्टाने १९९७ मध्ये फार वेगळा निकाल दिला, तो मी काउन्सेलिंगला येणाऱ्या कितीतरी लोकांना सांगायचे. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर असलेल्या कामगाराला पॉझिटिव्ह आहे म्हणून कायम केलं नाही आणि कामही बंद केलं. कोर्टाने सांगितलं की माणूस काम करायला फिट असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल तर नुसत्या एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. आणि नाव जाहीर न करता केस लढवू दिली, कागदावर तो फक्त 'एमएक्स'. नाव लपवता आलं म्हणून तो कोर्टात येऊ शकला, नाहीतर कोण आलं असतं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आपल्या संस्कृतीत असले प्रकार नव्हते. तरी देशात सर्वात जास्त रुग्ण महाराष्ट्रात कसे? मुंबईतल्या त्या वस्त्याच याला जबाबदार ना? (सातारा)

उत्तर : सर, तुमच्या वयाचा आणि पेशाचा मान ठेवून सांगते, नाही.

देशात आज साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा, इथपर्यंत बरोबर. पण का, ते बघा. बंदर आपल्याकडे, मोठे हायवे आपल्यातून जाणारे, आणि सबंध देशातून पोट भरायला माणसं येतात ती मुंबई-पुणे-ठाण्यात. तुमच्या साताऱ्याचीच किती माणसं तेव्हा मुंबईला असायची, माथाडीत, गिरण्यांत, एका खोलीत दहा-दहा जण, बायको गावी, वर्षातून यात्रेला आणि गणपतीला घरी. किन्शासाबद्दल वर जे लिहिलंय ते परत वाचा, फक्त गावाचं नाव बदललंय.

नव्वदच्या दशकात कामाठीपुऱ्यातल्या निम्म्याहून जास्त बायका पॉझिटिव्ह होत्या हे खरंय. पण त्यांना तो आजार दिला कुणी, आणि तिथून घराघरात कुणी नेला? त्या बायका तर वस्ती सोडून कुठे जात नव्हत्या, येणारे-जाणारे आपलेच लोक होते. आणि रक्ताचं तर कुणी नावच काढत नाही. तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते सर्रास होते, पुण्यात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पैशासाठी प्लाझ्मा देणाऱ्यांमध्ये मोठ्या प्रमाणात एचआयव्ही सापडला होता. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं. त्याआधी बाळंतपणात, अपघातात रक्त चढवलेल्यांचा संस्कृतीशी काय संबंध होता सर?

पुण्याचाच अजून एक अभ्यास सांगते, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, तेच जे कोविडमध्ये रोज टीव्हीवर दिसायचे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली, तिथलं हे काम, छापून आलं १९९७ मध्ये. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या ज्या बायका देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातल्या १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नाही. त्यांना धोका एकच होता, लग्न. तोपर्यंत सगळे पोस्टर वाईट बाईपासून सावध राहा असं सांगत होते, आणि इथे मंगळसूत्र घालून बसलेल्या बायका, ज्यांना कुणी सावध केलंच नव्हतं.

त्या बायका मी समोर बसलेल्या बघितल्यात. विशी-पंचविशीतल्या विधवा. नवरा आजारी असेपर्यंत त्याचं सगळं केलं, तो गेला, आणि तेराव्यानंतर सासूने माझ्या पोराला खाल्लंस म्हणून घराबाहेर काढलं. नवऱ्याचा रिपोर्ट घरच्यांना माहीत, लग्नाआधीपासून माहीत, आणि तरी लग्न करून दिलेलं, बायको आली की सुधारेल म्हणून. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा ऐकलंय. जमिनीत हिस्सा नाही, माहेरी भाऊ दार उघडत नाही, पोटात किंवा कडेवर मूल. एड्सच्या इतिहासात मोठ्या लोकांची नावं असतात, नट, खेळाडू, गायक, पण आपल्या राज्यातला खरा इतिहास या मुलींचा आहे आणि त्यातल्या फार थोड्यांना औषध मिळेपर्यंत जगता आलं.

आणि ज्या वस्त्यांना तुम्ही जबाबदार धरताय त्यांचंही सांगते. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये 'संग्राम' संस्थेचं काम गोकुळनगर या देहविक्रयाच्या वस्तीतल्या बायकांबरोबर सुरू केलं, उपदेश करायचा नाही, कॉन्डोम वाटायचं काम, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं काम, आजारी मैत्रिणीला हॉस्पिटलात नेऊन तिथे भांडायचं काम, सगळं त्या बायकांनीच करायचं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच काळात याच पद्धतीने काम उभं केलं. देशात साथ आटोक्यात आली त्यात या बायकांनी कॉन्डोमशिवाय नाही म्हणून धरलेल्या हट्टाचा वाटा फार मोठा आहे. उत्तर जरा तिखट झालं असेल सर, पण हे मला सांगायलाच हवं होतं.

प्रश्न : ताई मी नाशिक जिल्ह्यातला, २००६ पासून एआरटीवर (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांवर) आहे, शेती करतो, तब्येत एकदम ठीक. सेंटरवर कुणीतरी म्हणालं की आपली गोळी मुंबईच्या कंपनीमुळे स्वस्त झाली, नाहीतर आपण कधीच गेलो असतो. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : दादा, तब्येत ठीक आहे वाचून फार बरं वाटलं. आणि हे प्रकरण तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे.

पहिलं औषध एझेडटी, मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मूळ १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलेलं आणि तिथे उपयोगी न पडलेलं. किंमत वर्षाला ८ ते १० हजार डॉलर. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' नावाची संघटना उभी राहिली, स्वतः मरणाच्या दारात असलेली तरुण पोरं, ती औषध लवकर मंजूर करा, किंमत कमी करा म्हणून रस्त्यावर झोपायची, १९८९ मध्ये तर शेअर बाजाराच्या आत घुसून स्वतःला साखळीने बांधून घेतलं आणि काही दिवसांत कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. पण एकट्या एझेडटीने फार दिवस निभत नव्हतं, व्हायरस बदलायचा. १९९६ मध्ये कळलं की तीन औषधं एकत्र दिली तर व्हायरस दबून राहतो. अमेरिकेत एका वर्षात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जायला लागली.

पण तीन औषधांचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर. म्हणजे औषध श्रीमंत देशात आणि पेशंट आफ्रिकेत आणि आपल्याकडे. ती जी वर्षं होती ना दादा, १९९६ ते २००४, ती आमच्यासाठी सगळ्यात वाईट. आधी निदान औषधच नाही असं सांगता यायचं. या काळात औषध आहे हे माहीत असायचं आणि समोरच्याला जमीन विकूनही ते परवडणार नाही हेही माहीत असायचं. काहींनी विकलीही, सहा महिने गोळ्या घेतल्या, पैसे संपले, गोळ्या बंद.

इथे आपला १९७० चा पेटंट कायदा कामाला आला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवलं तर चालायचं. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधं एका गोळीत बसवली, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केलं की 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला ही तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. सगळं जग हादरलं. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषध आणू देणाऱ्या कायद्याविरुद्ध नेल्सन मंडेलांच्या काळातल्या सरकारवर खटला भरलेला होता, जगभरातून एवढी छीथू झाली की एप्रिल २००१ मध्ये त्यांनी तो मागे घेतला. तिथल्या पुढच्या अध्यक्षांनी, थाबो म्बेकी यांनी, एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारून सरकारी हॉस्पिटलात औषध येऊ दिलं नाही, त्या उशिराने तीन लाखांहून जास्त माणसं गेली असा हार्वर्डच्या संशोधकांचा हिशेब आहे. व्हायरसइतकीच माणसं एखाद्याच्या हट्टाने मरू शकतात.

आपल्याकडेही लाज वाटावी अशी एक गोष्ट झाली. गोळी मुंबईत बनत होती, आफ्रिकेत जात होती, आणि मुंबईतल्या पेशंटला सरकारकडून मिळत नव्हती. पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांनी लावून धरलं तेव्हा १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी हॉस्पिटलांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात आपलं जेजे. तुम्हाला २००६ मध्ये गोळी चालू झाली ती त्यामुळे.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यातली काही जोडपी पुण्याची आणि चेन्नईची होती. जोडीदारातल्या पॉझिटिव्ह व्यक्तीला लवकर औषध चालू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी पक्कं झालं की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, सापडत नाही इतका खाली असेल तर संबंधातून व्हायरस जातच नाही. तुमचा लोड दबलेला असेल तर वहिनींना तुमच्यापासून धोका नाही. गोळी मात्र रोज, न चुकता.

प्रश्न : एवढी वर्षं झाली, लस का नाही? (अमरावती)

उत्तर : एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी दोन वर्षांत लसीची चाचणी सुरू होईल असं सांगितलं होतं. चाचण्या झाल्या, बऱ्याच झाल्या, चालली एकही नाही, कारण हा व्हायरस सतत रूप बदलतो आणि आपल्या स्वतःच्या जनुकात शिरून लपून बसतो. पण २०२४ मध्ये लेनाकापाविर नावाच्या इंजेक्शनचा निकाल आला, वर्षातून दोनदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुलींनी ते घेतलं, एकीलाही लागण झाली नाही. लस नव्हे, पण निगेटिव्ह माणसाला लागणीपासून वाचवण्याचं एवढं भक्कम साधन याआधी नव्हतं. आता ते कुणाला आणि किती रुपयांत मिळतं यावर लक्ष ठेवायचं, २००१ सारखंच.

प्रश्न : ताई, माझ्या बहिणीचा मुलगा जन्मापासून पॉझिटिव्ह आहे, बहीण आणि दाजी दोघं नाहीत, मीच सांभाळते. आता आठवीला नवीन शाळेत घालायचंय. कुणीतरी शाळेत सांगितलं वाटतं, हेडमास्तर मेडिकल सर्टिफिकेट आणा म्हणतात. काय करू? (जालना)

उत्तर : देऊ नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. त्याप्रमाणे शाळा एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारू शकत नाही, वेगळं बसवू शकत नाही, आणि रिपोर्ट दाखवायची सक्ती कुणीच करू शकत नाही, त्याला तुमची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो. ज्याने शाळेत जाऊन सांगितलं त्यानेही गोपनीयता मोडलीये.

आधी तोंडी वाद घालू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या. सर्टिफिकेट हवं असेल तर ते कोणत्या नियमाने ते लेखी मागा, बहुतेक ठिकाणी इथेच विषय संपतो. नाही संपला तर एआरटी सेंटरच्या काउन्सेलरला सोबत घेऊन जा आणि या कायद्याखाली राज्यात जो लोकपाल नेमायचा असतो त्याच्याकडे तक्रार करा, त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलतात, नाव विचारत नाहीत. बहिणीच्या नावावर घर किंवा जमिनीचा हिस्सा असेल तर तो मुलाचा आहे, त्यासाठीही याच कायद्यात तरतूद आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, ते काम प्रवेशाबरोबरच सुरू करा.

आणि मुलाला त्याच्या आजाराबद्दल अजून सांगितलं नसेल तर आठवी हे वय झालंय. घरी एकट्याने सांगू नका, पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला जाल तेव्हा काउन्सेलरला आधी फोन करून वेळ मागून घ्या, ते मुलाशी दोन-तीन वेळा बोलून हळूहळू सांगतात, त्याचं ट्रेनिंग त्यांना असतं. तारीख शाळेच्या परीक्षेत येत असेल तर सेंटरला सांगा, आधीची देतात.